डावीकडची सीट

गाडी जपानची.
तिचं स्टिअरिंग उजवीकडे,
आणि आमच्या किर्गिझस्तानात रस्ताही उजव्या बाजूनंच चालतो.
म्हणजे पुढे ट्रक असला
की चालवणाऱ्याला दिसतं ते फक्त ट्रकचं ढुंगण.
समोरून काय येतंय
ते डावीकडे बसलेल्यानं बघायचं, आणि सांगायचं:
जा. किंवा, थांब.
निम्मी लग्नं इथे याच सवयीवर टिकतात,
असं आयचुरोक म्हणते.
तिचं टिकलं नाही.

चालवत होता तलाय.
डावीकडे कुबात, कारण मागं बसला की त्याला उलट्या होतात,
थेट शाळेच्या सहलीपासून.
नाहीतर त्या दोघांना शेजारी बसवायची
कुणाची छाती झाली असती?
अकरा वर्षं.
सतरा मेंढ्या, एक जनरेटर,
आणि तलायचे वडील गेले तेव्हा
मॉस्कोहून न आलेला एक फोन.
भांडणाची यादी एवढीच.
निदान आम्हाला ठाऊक असलेली.

मागे आयचुरोक आणि मी.
दोघींच्या मांडीवर आडवा, गुंडाळलेला शिरदाक:
वर्गातल्या सागिनच्या मुलीचं लग्न, तोक्तोगुलला.
ऑगस्टच्या उन्हात त्या नमद्याला
ओल्या मेंढीचा वास येत होता,
आणि त्या गाडीत मेंढीचा विषय
काढायचा नव्हता.

किल्ली फिरवली की गाडीतली बाई जपानीत काहीतरी बोलते.
दर वेळी, अदबीनं.
कुणालाच कळत नाही.
"माफी मागते ती," आयचुरोक म्हणाली,
"कुणीतरी मागायला हवी ना."
पुढे दोन मानगुटी. एकही हलली नाही.

तो-आशू, म्हणजे उंटखिंड.
उंट कधीच गेले,
पण चढताना इंजिन तसंच फुरफुरतं,
तसंच अडून बसेन म्हणतं.
आमच्या पुढे सिमेंटचा ट्रक,
समोरून दक्षिणेची कलिंगडं.
थांब.
थांब.
जा.
थांब.
सबंध घाटभर त्या दोघांत एवढंच.
मी मोजत होते: अकरा वर्षांत नव्हते
तेवढे शब्द चौदा वळणांत झाले.

पंधराव्याला कुबात म्हणाला, जा,
आणि ते चुकलं.

कलिंगडवाला इतक्या जवळून गेला
की त्याच्या दाढीतला पावाचा चुरा मला दिसला.
डावा आरसा गेला.
मग गाडी कडेला, दारं उघडी,
आणि पुढे बसूनही कुबात
दगडांवर वाकून ओकत होता.
तलाय नुसता उभा. हात थरथरत होते.
बराच वेळ तो खालचे रस्ते बघत राहिला,
आपण चढून आलो ते,
आतड्यासारखे एकावर एक.
मग बाटली घेऊन गेला,
कुबातच्या ओंजळीत पाणी ओतलं.
बोलला काहीच नाही.

"मी बसते पुढे," आयचुरोक म्हणाली.
"डोळे चांगले आहेत माझे."
"नको," तलाय म्हणाला. "तोच बसेल."

बोगद्यात धूर, पिवळे दिवे, गळणारं छत.
तिथं ओव्हरटेकला बंदी,
त्यामुळे कुणाला काही सांगायचं नव्हतं.
कुणीतरी पुढून मागं कुरुत दिले,
खारट, दगडासारखे.
चौघंही चघळत राहिलो.
अंधारात तो आवाज
गोठ्यातल्या रवंथासारखा.

आणि पलीकडे एकदम सुसामिर.
एवढं गवत, की डोळ्यांना
आधी खरं वाटत नाही.
रस्ता सरळसोट, दोरी ताणल्यासारखा.
लांब एक युर्ट, धूर,
टेबलावर किमिजच्या बाटल्या मांडून बसलेली एक पोरगी.
ना ट्रक, ना घोडा, ना वळण.
पुढे चिटपाखरू नाही.

तलायनं वेग कमी केला.
"जाऊ का?" म्हणाला.

कुबात खिडकीतून पार बाहेर वाकला.
त्या रिकाम्या रस्त्याकडे
त्यानं इतका वेळ पाहिलं
की आयचुरोकनं माझं मनगट आवळलं.

"थांब," तो म्हणाला.

तलाय थांबला.
भर रस्त्यात, इंजिन चालू ठेवून,
तो वाट बघत राहिला.